फ्लॅट कुणी मागितला?

"आक्का, माझं वय ३१. शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर ऑपरेटर आहे. ओव्हरटाइम धरून हातात २६,५०० पडतात. बहिणीच्या लग्नाला पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढलं, १४ टक्क्यांनी. हप्ता ६,९८०, अजून २२ हप्ते राहिलेत. भिशी ३,००० ची. घरात दहा हजार द्यावे लागतात, पेट्रोलला दोन हजार. वडिलांचा ३५ गुंठे ऊस, आईच्या दोन म्हशी. तीन स्थळं बघून झाली, तिन्ही पोह्यांवरच मोडली. पर्मनंट आहे का, एकर किती, कोल्हापुरात फ्लॅट आहे का, एवढंच विचारतात. आता मला एक मुलगी आवडते. राजारामपुरीत एका सीएच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. दोन वर्षांची ओळख आहे. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर तिनं विचारलं, 'तुझं नेमकं काय अडलंय?' मी म्हटलं, काही नाही. आमच्या कंपनीत ट्रेनिंगला आलेल्या सरांनी फळ्यावर त्रिकोण काढून सांगितलं होतं की माणसाला आधी अन्न-निवारा लागतो, मग सुरक्षितता आणि त्याच्यावर प्रेम. माझ्या खालच्या दोन पायऱ्याच कच्च्या आहेत. फ्लॅट झाल्याशिवाय तिला विचारलं तर ती फसवणूक नाही का? प्रेम ही पैसेवाल्यांची गरज आहे का? ती आमच्या समाजातली नाही, पण ते नंतरचं."
– एक ऑपरेटर, करवीर तालुका

बाळ,

पत्रात तू मला आक्का म्हटलंस, म्हणून अरेतुरेच करते.

तू चार पानं लिहिलीस, त्यातलं थोडंच मी वर दिलं आहे. मी ३२ वर्षं एका सहकारी बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. समोर बसलेला माणूस आपला हिशेब किती खरा सांगतो हे त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत कळायचं. तुझा हिशेब चोख आहे. सगळं वजा जाता महिन्याला साडेचार हजार उरतात आणि त्यातला रुपयाही तू लपवलेला नाहीस. पण हा हिशेब तू पाठवलास मला, जिला तू कधी बघितलंही नाहीस. आणि जी दिवसभर दुसऱ्यांचेच हिशेब तपासते, जिनं तुला तोंडावर विचारलं, तिला म्हणालास 'काही नाही'. तुझं पत्र मी ठेवून दिलं आणि रात्री पुन्हा काढलं ते या दोन शब्दांसाठी.

आधी तो त्रिकोण बाजूला ठेवू, कारण त्याच्यामुळं तू स्वतःला नापास करून बसला आहेस. अब्राहम मास्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४३ साली गरजांची ती उतरंड मांडली. करवीर नगर वाचन मंदिरातून मानसशास्त्राची पुस्तकं आणायची मला जुनी सवय आहे, त्यातून हे थोडं वाचलंय. त्या लेखात त्रिकोण नाही. ते चित्र पुढं इतरांनी काढलं आणि ट्रेनिंगच्या फळ्यांवर तेवढंच राहिलं. मास्लोनं स्वतः लिहून ठेवलंय की हा क्रम काही पक्का नाही, काही माणसांत तो उलटाही दिसतो. आणि खालची गरज शंभर टक्के भागल्याशिवाय वरची जागीच होत नाही, असं तर तो मुळीच म्हणत नाही. त्यानं उदाहरणादाखल आकडेही दिलेत: साधारण माणसाची अन्नपाण्याची गरज समजा ८५ टक्के भागलेली असते, सुरक्षिततेची ७० टक्के, प्रेमाची ५० टक्के. म्हणजे सगळ्याच गरजा एका वेळी अर्ध्यामुर्ध्या भागत असतात. आपल्याकडं घर बांधतात तसं आहे हे. वरचा मजला अजून गिलाव्याविना असतो, खाली म्हातारी चूल पेटवते आणि मधल्या खोलीत पाळणा हलत असतो. सगळं बांधून झाल्यावर राहायला जाऊ म्हणणारं कुटुंब मी आपल्या भागात तरी बघितलेलं नाही.

आणखी एक सांगते. या मास्लोनं स्वतः लग्न केलं १९२८ साली, विसाव्या वर्षी. तेव्हा तो शिकत होता, नोकरीचा पत्ता नव्हता.

पुढं तो ज्यांच्या हाताखाली शिकला त्या हॅरी हार्लो यांनी १९५० च्या दशकात माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. आईपासून तोडलेली पिल्लं. त्यांच्यापुढं दोन खोट्या आया ठेवल्या, एक नुसत्या तारेची पण दुधाची बाटली लावलेली, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. पिल्लं भूक लागली की तारेच्या आईकडं जायची, दूध प्यायची आणि लगेच कापडाच्या आईला येऊन बिलगायची. दिवसाचे बाकीचे तास तिथंच. मला तो प्रयोग वाचून फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण 'प्रेम ही पैसेवाल्यांची गरज आहे का' या तुझ्या प्रश्नाला त्या पिल्लांनी उत्तर दिलेलं आहे. कुणीतरी आपलं असावं हे वाटणं ही चैन नव्हे. पगारवाढीनंतर लागणारी भूक नव्हे ती. तुला ती आत्ता लागली आहे आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

आता पैशाचं. पैशाविना प्रेमावर संसार चालतो असं मी तुला सांगणार नाही. सांगितलं तर माझ्या ३२ वर्षांच्या नोकरीशी ती बेइमानी होईल.

आमच्या शाखेत सोनेतारणाचा दिवस असला की सराफ येऊन बसायचे. काळी कसोटी, छोटा तराजू, ॲसिडची बाटली. एकदा एक नवरा-बायको आले. तिच्या हातावरची मेंदी नखांपाशी केशरी होऊन उरली होती, म्हणजे लग्नाला तीनेक महिने झाले असतील. तिनं पदर पुढं घेतला, मानेमागं हात नेऊन ठुशीचा गोंडा सैल केला आणि ती टेबलावर न ठेवता सराफांच्या हातात दिली. गळ्यावर ठुशीचा वळ दिसत होता. कर्ज कशाला, तर मंगल कार्यालयाचं आणि डॉल्बीवाल्याचं बिल राहिलं होतं. नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभा. मी तिच्याकडं अर्ज सरकवला तेव्हा तिनं हळूच विचारलं, "मॅडम, ह्यांचं अजून किती कर्ज आहे, तुमच्या कॉम्प्युटरात दिसतंय का?" त्याच्या शेजारी बसून ती मला विचारत होती. ठुशी ११ महिन्यांनी सुटली, मीच पावती घेऊन काढून दिली. पण त्या दिवसापर्यंत ते दोघं हप्ता भरायला कधीही एकत्र आले नाहीत. आधी तो यायचा, मग नुसती ती.

अशी मी खूप बघितली. नुसत्या गरिबीनं माणसं एकमेकांपासून तुटलेली त्यात कमी होती. फौंड्री बंद पडली, सहा महिने पगार नाही, तरी जामीनदाराला हात जोडायला दोघं बरोबर येणारी जोडपी होती. ज्या घरात आकडा एकालाच माहीत, ती घरं मात्र आतून पोखरत जायची.

हे मी दुसऱ्यांचंच सांगते असं नाही. आमचं लग्न १९८६ चं. माझे मिस्टर उद्यमनगरात टर्नर होते, मी बँकेत क्लार्क. माझा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता आणि ते त्यांना लागायचं, बोलून दाखवायचे नाहीत. शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या. लग्नानंतर चौदा महिन्यांनी एका संध्याकाळी दारात एक माणूस आला, चपला न काढता उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "साहेबांना सांगा, व्याज थकलंय." लग्नाच्या बस्त्यासाठी यांनी खासगी सावकाराकडून नऊ हजार घेतले होते. नऊ हजार! मी बँकेत कर्ज देणारी, कर्मचारी म्हणून मला कमी व्याजानं कर्ज मिळत होतं, आणि माझ्या घरात सावकाराचं व्याज चालू होतं. रात्री मी विचारलं, का नाही सांगितलं? म्हणाले, "तुला उगाच काळजी नको म्हणून."

मी त्या रात्री जेवले नाही. नऊ हजारांचं दुःख नव्हतं. चौदा महिने ते त्या ओझ्याखाली एकटे झोपत होते आणि मी शेजारी असून नव्हते, याचं होतं. तू तिला 'काही नाही' म्हणालास ना, त्यात मला तेच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. दर महिन्याच्या एक तारखेला रात्री जेवणं झाली की दोघांनी बसून लिहायचं. पहिले दोन-तीन महिने फार जड गेले, यांचा पेन अडखळायचा. एकदा तर वही मिटून ते गंगावेशीत फिरायला निघून गेले. मग हळूहळू बसलं. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्या वह्या माझ्याकडं आहेत, मी त्या रद्दीत घालू शकले नाही. १९८८ च्या वहीत जवळजवळ प्रत्येक शनिवारी त्यांच्या तिरक्या अक्षरात एक ओळ आहे: 'कट्टा, दोन ग्लास'. गंगावेशीत म्हशीखाली धार काढून समोर ग्लास देतात ते दूध. तेवढीच आमची चैन होती. कर्ज फिटत असताना कुठला खर्च बंद करायचा यावर आम्ही पुष्कळ भांडलो, पण त्या ओळीवर कधी काट मारली नाही.

म्हणून मी तुला विचारते, फ्लॅट कुणी मागितला? तिनं? पत्रात तर कुठं दिसत नाही. तो मागितला तीन स्थळांच्या मामा-काकांनी, आणि तू ते ओझं उचलून तिच्या दारात नेऊन ठेवतोयस. ते प्रश्न लागले असतील तुला, मला कळतं. एखाद्या घरी पाहुणा म्हणून जायचं, ताटली हातात घ्यायची आणि पोहे संपायच्या आत आपली किंमत ठरताना ऐकायची. आपल्या जिल्ह्यात शेती करणाऱ्या, कारखान्यात राबणाऱ्या किती पोरांच्या वाट्याला हे आलंय. त्या मुलींच्या बापांनाही मी सरसकट दोष देणार नाही, पोरीचं बरं व्हावं म्हणून घाबरलेली माणसं असतात ती. पण तिनं तुला दोन वर्षं बघितलंय. तुझी गाडी, तुझे बूट, शिफ्ट संपल्यावरचा तुझा चेहरा. तू गरीब आहेस की श्रीमंत हे तिला ठाऊक नाही असं तुला खरंच वाटतं? काय अडलंय हे विचारताना ती तुझी मिळकत विचारत नव्हती, तुझ्या मनात तिला जागा आहे का ते विचारत होती.

फसवणुकीचं म्हणशील तर, आकडा लपवून लग्नाला उभं राहणं ही फसवणूक. आकडा सांगून विचारणं म्हणजे तिला ठरवायची मोकळीक देणं. तिच्या वतीनं तू आधीच नकार देऊन टाकलास, तो हक्क तुला कुणी दिला नव्हता.

आता टेबलावरची बाई म्हणून दोन गोष्टी, कारण तुझं कर्ज तुला वाटतं तेवढं भयंकर नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागत असेल तर २२ हप्ते शिल्लक असताना तुझं मुद्दल साधारण १ लाख ३५ हजारांच्या आसपास असेल. पतसंस्थेत जाऊन खातेउतारा घे आणि बघ. उताऱ्यावर सरळ व्याज लावलेलं दिसलं तर माझा हिशेब बदलेल, तसं असेल तर मला कळव. भिशी किती जणांची ते तू लिहिलं नाहीस. समजा वीस जणांची असेल तर ६० हजारांची चिठ्ठी येईल. चिठ्ठी लागली की दुसरीकडं कुठं न वळवता ती कर्जात भर. मुदतीआधी भरल्यावर काही आकार लावतात का ते आधी लेखी विचार. आज ६० हजार भरलेस आणि हप्ता तोच ठेवलास, तर २२ चे हप्ते १२ होतात. वर्षभराचा प्रश्न आहे. लिलावाची भिशी असेल तर फार तोटा सोसून लवकर उचलू नकोस. आणि हे कर्ज फेडण्यासाठी दुसरं कर्ज, मोबाइलवरच्या ॲपचं कर्ज, असलं काही करू नकोस, हे हात जोडून सांगते.

तुमच्या गावात घर आहे, आईच्या म्हशींचं दुधाचं बिल येतं, वडिलांचा ऊस आहे. ती कमावती आहे. दोन पगारांचं घर हे काय असतं ते मी जगले आहे. बायकोच्या पगाराची लाज वाटणार असेल तर मात्र ती आत्ताच स्वतःशी कबूल कर. आमच्या घरात त्या लाजेनंच नऊ हजारांचा खड्डा पाडला होता.

लग्नाचा खर्च म्हणशील तर तो तुम्ही ठरवाल तेवढाच होतो. याद्या करायला बसले आणि तिथंच अक्षता टाकल्या, अशी लग्नं आपल्याकडं होतात आणि त्या जोडप्यांचे संसार काही वेगळे नसतात. बहिणीच्या लग्नात तीन लाख गेले म्हणून तुझ्यात तेवढेच गेले पाहिजेत असं कुठं लिहिलेलं नाही.

आता तुझ्या पत्रातली शेवटची ओळ. 'ती आमच्या समाजातली नाही, पण ते नंतरचं.' चार पानं पैशावर आणि हे एका ओळीत. मला शंका आली की पैशाची भीती तू पुढं उभी केलीस आणि तिच्या मागं ही दडवलीस. पैसा नाही म्हणून विचारलं नाही, असं म्हटलं की आईवडिलांपुढं उभं राहायची वेळच येत नाही. माझी शंका चुकीची असेल तर मला माफ कर. पण बरोबर असेल तर ते 'नंतरचं' म्हणू नकोस, तिला ते पहिल्याच दिवशी सांग. फ्लॅट नसल्याचं दुःख ती एकवेळ पचवेल. वर्षभरानं 'घरचे ऐकत नाहीत' असं ऐकणं तिला जास्त लागेल.

तू कोल्हापूरचा आहेस. शाहू महाराजांनी या संस्थानात १९१९ साली आंतरजातीय लग्नाला कायद्याची मान्यता दिली. आज शंभराहून जास्त वर्षं झाली आणि आपण दसरा चौकात त्यांच्या पुतळ्यासमोरून रोज गाडी नेतो. आता १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. कायद्याची वाट एवढी सरळ आहे. घरातली वाट सरळ नसते, मला माहीत आहे. आईशी आधी बोल, एकटीशी, गोठ्यात धार काढायच्या वेळी, चार माणसांत नको. वडील पहिल्यांदा ओरडतील. त्यांना वेळ दे, पण तुझं म्हणणं मागं घेऊ नकोस. आणि दोन्हीकडून कुठूनही धमकीची भाषा आली, विशेषतः तिच्यावर, तर घरातली गोष्ट घरात म्हणून गप्प बसू नका. वकिलाकडं आणि पोलिसांकडं जा.

ती नाही म्हणेल का? म्हणू शकते. तेव्हा दुखेल आणि ते दुखणं तुला सोसावं लागेल. पण तो नकार तुला मिळालेला असेल, तुझ्या पगाराच्या पावतीला नाही. दोन वर्षांच्या 'काही नाही'पेक्षा ते बरं.

आणखी एक राहिलं, आणि लिहिताना माझा हात थोडा कडक होणार आहे. चार पानांत तिच्याबद्दल तीन ओळी आहेत. ती काय काम करते, कुठं करते आणि तिनं काय विचारलं. तिच्या घरी कोण कोण आहे? तिच्या डोक्यावर कुणाचा हप्ता आहे? पगारातले किती ती घरी देते, स्वतःसाठी काही उरतं का, तिला कुठल्या गोष्टीची रात्री भीती वाटते? तुला हे माहीत नसावं असं दिसतं. तू तुझ्या गरजांच्या पायऱ्या मोजत बसलास, पण गरज तिलाही आहे, आणि रंकाळ्यावर ती स्वतः पहिल्यांदा बोलली तेव्हा केवढं धाडस केलं असेल.

तेव्हा असं कर. पगार झाला की पहिल्या रविवारी तिला भेट. वाटेत एक साधी वही घे. डाव्या पानावर तू मला लिहिलंस तेच सगळं लिही, हातात किती पडतात, हप्ता, भिशी, ३५ गुंठे, दोन म्हशी, समाजाचंसुद्धा. खाली बेरीज कर. आणि वही तिच्यापुढं ठेव, उजवं पान कोरं सोडून.

– आक्का